आखूडशिंगी, बहुदुधी ट्रेलर

२ नोव्हेंबर, सोमवार

आज घरात माझ्याविरुद्ध ठराव पास झाला. दोन विरुद्ध एक. बायको आणि सासूबाई त्या बाजूला, मी या बाजूला. ठराव असा की महिनाअखेरपर्यंत होडी पाण्यात गेली तर होडी आपली. नाही गेली तर तीस तारखेला नाक्यावरचा बाग-हॉटेलवाला टेम्पो घेऊन येणार आणि तिला घेऊन जाणार. होडी हॉटेलच्या दारात मांडून तिच्यात माती भरायची आणि शेवंती लावायची, असा त्याचा बेत आहे. शिडाच्या होडीत शेवंती!

ही होडी मला भेट मिळालेली आहे. ज्या दंतवैद्यांसाठी मी आयुष्यभर कवळ्या बनवल्या, ते म्हातारपणी मुलीकडे राहायला गेले आणि जाताना होडी माझ्या अंगणात उतरवून गेले. दोन माणसं आरामात बसतील एवढी, निळी, एका डोलकाठीची. तेव्हापासून दोन वर्षं मी तिला घासतोय, पुसतोय, चमकवतोय. तिच्या कडेवरून तळहात फिरवला की दिवस चांगला जातो. पण होडीला चाकं नसतात आणि तलाव गाडीने तासाभराच्या अंतरावर आहे, यात माझा काय दोष? ट्रेलर हवा. आणि तो परवडणारा हवा, कारण नव्या ट्रेलरची किंमत ऐकली तर पक्के बसलेले दातसुद्धा हलायला लागतील.

हेच मी शांतपणे मांडलं. त्यावर बायको म्हणाली, "अहो, दोन वर्षं तुम्ही ट्रेलर शोधताय. तेवढ्यात माणसं लग्न करतात, मूल होऊ देतात आणि भांडून वेगळीसुद्धा होतात."

सासूबाई हसल्या. मी केलेल्या कवळीने हसल्या, हे विशेष.

४ नोव्हेंबर, बुधवार

कामाला लागलो. लॅबमधल्या दोन कवळ्या उद्यावर ढकलल्या आणि बसडेपोमागच्या एका माणसाकडे ट्रेलर बघायला गेलो. ट्रेलर बरा होता. टायर बरे, जोड बरे, गंज नावालाच. किंमत मात्र फारच कमी. इतकी कमी की मला संशय आला. इतका स्वस्त का, हे मी त्याला वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं. शेवटी तो म्हणाला, "काका, महाग करू का?"

अशा उर्मट माणसाशी व्यवहार करण्यात अर्थ नाही. परत आलो.

बायको संध्याकाळी आली ती नाक लाल करून. तिचा पडद्यांचा व्यवसाय आहे. माप घ्यायचं, पडदे शिवायचे आणि स्वतः जाऊन लावून द्यायचे. सध्या तलावाकाठच्या एका हॉटेलची मोठी ऑर्डर आहे म्हणे, दर बुधवारी आणि शनिवारी जावं लागतं. खिडक्यांना अजून पडदे नाहीत, त्यामुळे ऊन थेट नाकावर येत असणार. तिला म्हटलं, आधी पश्चिमेकडचे पडदे लाव. ती म्हणाली, "बघते हं," आणि कितीतरी वेळ पाठमोरी उभी राहून भांडी विसळत होती. खांदे हलत होते. बिचारी दमली असावी.

७ नोव्हेंबर, शनिवार

दुसरा ट्रेलर. जलक्रीडा-बिलक्रीडा बंद पडलेल्या एका क्लबचा. कोराच म्हणावा असा, आणि किंमत माझ्या आवाक्यातली. होडीपेक्षा हातभर लांब निघाला. मालक म्हणाला, लांब असलेला चांगलाच. मी त्याला विचारलं, तुमच्या जबड्यापेक्षा हातभर लांब कवळी केली तर चांगली म्हणाल का?

घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

"आई, अंगणाचं काय? मी ट्रेलरबद्दल बोलतोय."

"मीही," त्या म्हणाल्या.

बायकोच्या तळहातांना फोड आलेत. पडद्याच्या दोऱ्या ओढून आले म्हणाली. एवढे कसले जड पडदे लावतायत हॉटेलात, असं मी सासूबाईंना विचारलं, तर त्यांनी कवळी काढून वाटीत ठेवली. हे अलीकडे वारंवार व्हायला लागलंय. बोलता बोलता मधेच कवळी काढतात आणि मग एक शब्द बोलत नाहीत. खालची बाजू टोचत असणार. आपल्याच घरात आपलीच कवळी टोचावी म्हणजे दिव्याखाली अंधार. उद्या घासून देतो.

९ नोव्हेंबर, सोमवार

सासूबाईंची कवळी घासून दिली.

बायकोच्या व्हॅनच्या मागच्या बाजूला एक लोखंडी आकडा बसवलेला दिसला, पुढे गोल लाडवासारखा गोळा. हे काय, विचारलं. पडद्यांचे लांब रॉड बांधायला, म्हणाली. गंमत अशी की ट्रेलर ओढायलाही अगदी असाच गोळा लागतो. तिला हा योगायोग समजावून सांगितला. ती म्हणाली, "अगंबाई, हो का?"

११ नोव्हेंबर, बुधवार

आज लॅबमध्ये एका गृहस्थांच्या वरच्या जबड्याचं माप बघत होतो आणि डोक्यात लख्ख प्रकाश पडला. आपण उलटे चाललोय! ट्रेलर बघायचा आणि मग होडी बसते का बघायचं, ही अडाण्यांची पद्धत. कवळी करताना आम्ही आधी काय करतो? माप घेतो. प्लास्टरमध्ये जबड्याचा साचा काढतो. मग सगळं काम त्या साच्यावर. होडीच्या तळाचाही साचा काढायचा! पुढे एक, मागे एक. मग तो साचा घेऊन ट्रेलरवाल्याकडे जायचं आणि म्हणायचं, या मापाची बैठक असलेला ट्रेलर आहे का बघा.

जगात आजवर कुणी होडीचं असं माप घेतलं असेल असं वाटत नाही. दोन पोती प्लास्टर आणि गोणपाट आणून ठेवलं. उत्साहाने जेवण जास्त झालं.

१२ नोव्हेंबर, गुरुवार

साचा उत्तम आला. होडीपासून सुटत मात्र नाही.

सविस्तर लिहायला हवं, कारण पुढे कुणी विपर्यास करू नये. होडी मी विटांवर उचलून घेतली होती. खाली फळ्यांच्या चौकटी, त्यांत गोणपाट, त्यावर प्लास्टर, आणि होडी हळूच त्यात बसवली. प्लास्टर होडीच्या पोटाला लोण्यासारखं लागलं. पण प्लास्टर ओतण्याआधी पृष्ठभागाला व्हॅसलिन लावायचं असतं, नाहीतर ते चिकटतं. हे मी शिकाऊ मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलोय. आज व्हॅसलिन लावायचं राहिलं. डबी जागेवर नव्हती. ती बायकोच्या पर्समध्ये सापडली, तळहातांना लावायला नेली होती तिने. म्हणजे दोष नेमका कुणाचा, हे उघड आहे.

आता होडीखाली चौकटीसकट दोन पांढरे ठोकळे आहेत. दिसायला ती अशी दिसते की जणू तिने बूट घातलेत.

बायकोने तिच्याभोवती एक फेरी मारली. घरात जाऊन तिने आणि सासूबाईंनी दार लावून घेतलं आणि आतून बराच वेळ खिदळण्याचे आवाज येत होते.

१४ नोव्हेंबर, शनिवार

बायको हॉटेलवर गेलेली असताना बाग-हॉटेलवाला आला. हातात मोजपट्टी. मला न विचारता अंगणात शिरला आणि होडी मोजायला लागला. "हे खाली पाय पण बसवलेत का? छान केलंत! आम्हाला नाहीतरी स्टँड करावाच लागला असता," म्हणाला. मग डोलकाठीकडे बोट दाखवून, "ही कापून टाकू. तिच्यावर बोर्ड लावता येईल, पण आडवा."

मी म्हटलं, तीस तारीख अजून आलेली नाही. तो म्हणाला, "हो हो, घाई नाही. फक्त मातीचा अंदाज घेतोय."

तो गेल्यावर मी होडीत जाऊन बसलो. आत फळीवर बसलं की कडा बरोबर छातीशी येते आणि कुंपण दिसत नाही, फक्त आकाश दिसतं. दोन वर्षं मी रोज चहा इथेच पितो. ही होडी मला फार आवडते. एवढी आवडते की तिच्यात माती भरलेली बघण्यापेक्षा मी गाव सोडून जाईन. हे मी बायकोला सांगू शकत नाही, कारण ती म्हणेल, मग पाण्यात न्या की. आणि तिचं म्हणणं बरोबर असेल. आणि तरीही ट्रेलर मिळत नाही, त्याला मी काय करू?

सासूबाईंची कवळी पुन्हा घासून दिली. त्या म्हणाल्या, नको. मी म्हटलं, आई, संकोच करू नका.

१८ नोव्हेंबर, बुधवार

दोन ट्रेलर बघितले. एकाला पुढे होडी वर ओढून घ्यायची दोराची फिरकी नव्हती, दुसऱ्याला होती पण तिचा आवाज मला आवडला नाही.

परत येताना म्हटलं, तलावावर जाऊन उतार तरी बघून यावा. पाण्यात ट्रेलर उतरवायची फरसबंद वाट आहे तिथे. रस्त्यावरच उभा राहिलो. खाली गेलो नाही, कारण बूट नवे होते आणि खाली चिखल असण्याची शक्यता होती. पाण्याची मला भीती आहे असा एक समज घरात पसरवला जातो. तो चुकीचा आहे. मला पाण्याबद्दल आदर आहे. आदर असला की माणूस थोडा लांब उभा राहतोच.

तलावात दहा-बारा छोट्या होड्या होत्या, शिकणाऱ्यांच्या. त्यातली एक मी कितीतरी वेळ बघत राहिलो. कुणी बाई होती, नारिंगी जॅकेट घातलेली, डोक्याला हिरवी ओढणी घट्ट बांधलेली. बायकोकडे अगदी तशीच आहे. वारा आला की ती काठावर पार मागे झुकायची आणि होडी एका कुशीवर पळायची. मग झटक्यात शीड या बाजूचं त्या बाजूला, आणि वळण असं घेतलं की मला टाळी वाजवावीशी वाटली. काय सफाई! काय धीटपणा! असं माणूस शिकवायला मिळालं तर मीसुद्धा शिकेन.

घरी आल्यावर हे सगळं बायकोला रंगवून सांगितलं. तिने ऐकता ऐकता गॅस बारीक केला. मग म्हणाली, "खरंच एवढं छान चालवत होती ती?" मी म्हटलं, अप्रतिम. तिने मला गरम गरम ऑम्लेट करून दिलं. मागितलं नव्हतं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आज मोठं भांडण. म्हणजे मी भांडलो. ती हसत होती.

बायको संध्याकाळी आली ती व्हॅनमागे एक ट्रेलर जोडूनच. कुठल्याशा मांडव-डेकोरेशनवाल्याचा. त्याचा जनरेटर विकला गेला आणि जनरेटर वाहून नेणारा ट्रेलर तेवढा मागे राहिला. सपाट, बुटका, दोन जाड चाकं. तिने त्याच्या बदल्यात त्याला दिवाणखान्याचे पडदे शिवून द्यायचं कबूल केलंय.

मी फेरी मारून पाहिलं. आकार बरोबर. चाकं बरोबर. वजन बरोबर. मला घाम फुटला.

"अगं, हा सपाट आहे," मी म्हणालो. "होडीचं पोट गोल असतं. ह्याच्यावर होडी ठेवली तर लोळेल. होडीच्या ट्रेलरला बैठक लागते, मापात घडवलेली."

"हो का?" ती म्हणाली. आणि होडीकडे बघत राहिली. होडीच्या पांढऱ्या बुटांकडे.

मलाही दिसलं. तिच्याआधी दिसलं असेल कदाचित, पण मी बोललो नाही.

"ते सुटणार नाही," मी घाईने म्हणालो. "चिकटलंय. सगळं धूड घेऊन काय पाण्यात जाणार? दगडासारखं बुडेल."

"लॅबमध्ये प्लास्टर चिकटलं तर काय करता तुम्ही?"

"लॅबचं वेगळं."

"काय करता पण?"

"गरम पाण्याने शेकतो. साबणाचं पाणी सोडतो. मग हलक्या हाताने ठोकतो."

सासूबाई ओट्यावर बसून कवळी घालून होत्या, तरीही बोलल्या नाहीत. बायकोने फक्त बंब पेटवला.

मी म्हटलं, आज नको, मला पाठ आहे. म्हणजे पाठदुखी आहे. उद्यावर ढकललं.

२२ नोव्हेंबर, रविवार

मी खोटं लिहिणार नाही. गरम पाण्याचं मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. हातात घेतलं नाही एवढंच. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. होडीला बूट घातलेले असले की ती कुठे जात नाही, एवढं मात्र खरं.

सकाळी शेजारचे दोन भाऊ मदतीला बोलावले. होडी ठोकळ्यांसकट उचलून ट्रेलरवर चढवली. चौकटी बोल्टने आवळल्या. मग बादलीवर बादली गरम पाणी, साबण, आणि मी खाली आडवा पडून लाकडी हातोडीने टकटक. पुढचा ठोकळा आधी सुटला, मग मागचा. सुटताना असा आवाज आला, जसा चांगली बसलेली कवळी टाळूपासून निघताना येतो. माझ्या धंद्यात याहून गोड आवाज नाही.

होडी बोटभर उचलली आणि परत ठेवली. बसली. कुठे हलणं नाही, डुलणं नाही. शेजारचा थोरला भाऊ म्हणाला, "काका, कंपनीवाल्यांचीसुद्धा बैठक अशी नसते." मी छाती फुगवली. मग लक्षात आलं की आता माझ्याकडे ट्रेलर आहे.

परवडणारा. मापाचा. आखूडशिंगी, बहुदुधी. दारात उभा.



२६ नोव्हेंबर, गुरुवार

पाण्यात प्लास्टर विरघळू नये म्हणून ठोकळ्यांना वॉर्निशचे हात देतोय. एक हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. घाई करून चालत नाही. मी बायकोला म्हटलं, पाच हात द्यावे लागतील. तिने ब्रश माझ्या हातातून घेतला आणि म्हणाली, "दोन बास." वर पडद्याचं जाड अस्तर कापून अंथरलं तिने, माझ्याकडे न बघता.

रविवारी एकोणतीसला जायचं ठरलं. मी म्हटलं, सोमवारी नेली तरी चालेल, तीस तारीखच म्हटलंय ना? ती म्हणाली, "सोमवारी टेम्पो येतोय." मी विचारलं, तू खरंच देणार होतीस होडी? ती म्हणाली, "शेवंती मला आवडते."

हिचं खरं कधी आणि खोटं कधी, हे इतक्या वर्षांनी कळायला हवं होतं.

२८ नोव्हेंबर, शनिवार

सर्दी झाल्यासारखी वाटतेय. शिंका येत नाहीत, पण येतील असं वाटतं. सासूबाईंना सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावून पाहिला आणि म्हणाल्या, "ताप नाही हो. पायाला हात लावून बघू का? गार पडलेत वाटतं."

२९ नोव्हेंबर, रविवार

सगळं लिहितो, क्रमाने.

बायको व्हॅन चालवत होती, मी शेजारी, सासूबाई मागे पडद्यांच्या गठ्ठ्यावर. होडी पूर्ण रस्ताभर केसाएवढीही सरकली नाही. मी मागे वळून वळून बघत होतो. तलावाशी आलो, तर फाटकावरचा पहारेकरी बायकोला हात करून म्हणाला, "ताई, आज रविवारी?" मग शिकवणारी मुलगी धावत आली. "काकू, ही का ती होडी?" मग आणखी दोघं-तिघं. सगळे तिला ओळखत होते. कुणीतरी म्हणालं, बुधवारच्या बॅचमध्ये हिच्यासारखं वळण कुणाचं नाही.

तिने खुंटीवरून एक नारिंगी जॅकेट काढलं. पर्समधून हिरवी ओढणी काढून डोक्याला बांधली.

माणसाला एखादी गोष्ट कळायला किती वेळ लागावा? नाक, फोड, व्हॅसलिन, लोखंडी गोळा, सगळं एका रांगेत माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. मी ज्या बाईचं वळण रस्त्यावरून बघून वेडा झालो होतो, तिलाच घरी येऊन तिचं कौतुक ऐकवत होतो आणि ऑम्लेट खात होतो.

"मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही आधी माझ्यासाठी परवडणारं लाइफ जॅकेट शोधायला निघाला असता," ती म्हणाली. "आणि मी साठीची झाले असते."

ट्रेलर उतारावरून पाण्यात गेला. होडी उचलली गेली, हलकी, आणि बैठकीतून सुटून तरंगली. माझी होडी तरंगली! मी ओरडलोच. बायको गुडघाभर पाण्यात उभी, एका हाताने तिची कड धरून. दुसरा हात माझ्याकडे.

"चला."

मी म्हटलं, ट्रेलर कोण बघणार?

तिने ओढणीची गाठ घट्ट केली. चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "बरं," म्हणाली, आणि एकटी चढली. शीड वर गेलं. जुनं, विरलेलं, याच आठवड्यात तिनेच रात्री जागून सांधलेलं शीड. वाऱ्याने ते भरलं आणि त्या दोघी गेल्या, होडी आणि ती.

मी रिकाम्या ट्रेलरजवळ उभा राहिलो. ट्रेलर चोरायला कुणी येत नव्हतं. मला तिचा अभिमान वाटला, भीती वाटली आणि हेवा वाटला, आणि हे सगळं एकाच वेळी वाटायला लागलं की माणूस ट्रेलरच्या चाकाला उगाच लाथ मारतो, तशी मी मारली.

सासूबाई घडीच्या खुर्चीवर बसल्या होत्या. मी म्हटलं, "आई, तुम्हालाही माहीत होतं?"

मला वाटलं, आता कवळी काढणार. नाही काढली.

"म्हणून तर काढत होते," त्या म्हणाल्या. "तोंडात दात असले की तुम्ही विचाराल ते सांगावं लागतं. कवळी टोचत नाही हो. कधीच टोचली नाही."

"मी दोनदा घासून दिली!"

"तेव्हापासून सैल झालीय जरा."

मग तलावाकडे बघत म्हणाल्या, "पहिल्यांदा घातली तेव्हा वाटलं, तोंडात परक्याचं घर बांधलंय. जन्मात जमणार नाही. तुम्हीच म्हणालात, रोज थोडा वेळ घाला, घाबरत घाला, पण घाला."

मी तसं प्रत्येकालाच सांगतो. लॅबमध्ये आलेल्या सगळ्यांना. त्यात विशेष काही नाही.

बायको परत आली ती गालांवर पाणी आणि दात काढून हसत. होडी पाण्यात गेली. ठरावाप्रमाणे मी जिंकलो.

३० नोव्हेंबर, सोमवार

बाग-हॉटेलवाला टेम्पो आणि मातीची पोती घेऊन आला. होडीला अजून ओल होती. त्याला ती हात लावून दाखवली. तो हिरमुसला. मी त्याला म्हटलं, लॅबमागे दाताच्या जुन्या साच्यांचे शे-दीडशे जबडे पडलेत, दारात मांडायला नेतोस का? गेला.

असं वाटलं होतं की आज फार आनंद होईल. झालाही. पण अंगणात होडीत बसून चहा प्यायला तर बोटांना ओली फळी लागली, आणि सारखं वाटत राहिलं की ही माझ्याआधी जाऊन आली.

३ डिसेंबर, गुरुवार

बायकोने एवढंच विचारलं, "रविवारी मी जाणार आहे. तुम्ही?" मी म्हटलं, बघू. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. तिने दुसऱ्यांदा विचारायला हवं होतं. मी नाही म्हणणारच होतो, पण विचारायला हवं होतं.

६ डिसेंबर, रविवार

लवकर उठलो. बायको अजून उठायची होती. ट्रेलर जोडून ठेवावा म्हणून खाली गेलो आणि सवयीप्रमाणे एकदा सगळं तपासलं. मागचा उजवा दिवा लागत नव्हता.

पुन्हा बघितलं. तार ठीक, बल्ब गेलेला. दिव्याशिवाय ट्रेलर रस्त्यावर न्यायला कायद्याने बंदी आहे, हे बायकोलाही माहीत आहे. इतकं भक्कम कारण मला अख्ख्या महिन्यात एकदाही मिळालं नव्हतं. माझं डोकं चालवावं लागलं नव्हतं, काही जुळवावं लागलं नव्हतं. नुसतं वर जाऊन सांगायचं होतं, आणि रविवार असल्यामुळे गॅरेज बंद. कुणी एक शब्द बोललं नसतं.

पायरीवर बसून राहिलो. पाय गार पडले होते, सासूबाई म्हणतात तसे.

मग व्हॅनचाच आतला एक बल्ब काढला. सामान ठेवतात तिथला, तो नसला तरी काही अडत नाही. माप तेच निघालं. बसवला, बायकोच्या पिनेने जरा आवळला. लागला. तांबडा, स्वच्छ. शिकवणाऱ्या मुलीला फोन करून विचारलं, माझ्या मापाचं जॅकेट आहे का. ती म्हणाली, काकूंनी मागच्याच महिन्यात बाजूला काढून ठेवलंय.

बल्बचं बायकोला सांगितलेलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

कपडे बदलायला वर आलो तेवढ्यात हे लिहून घेतलं. खाली हॉर्न वाजतोय. पुन्हा वाजला. तिला वाटत असणार, मी वर बसून कारण शोधतोय.